सुंभ राहतो, पीळ जातो: प्रथिनांची घडी आणि विकरांचे काम घरच्या साहित्यातून कसे पाहावे

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे आपण हेकट माणसाबद्दल म्हणतो. प्रथिनांच्या बाबतीत ही म्हण उलटी होते. अंडे उकडले, त्यात लिंबू पिळले किंवा स्पिरिट ओतले, तरी प्रथिनाचा सुंभ, म्हणजे अमिनो आम्लांची साखळी, जवळजवळ अखंड राहते. जातो तो पीळ, आणि पिळाबरोबर प्रथिनाचे कामही जाते. अकरावी-बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवताना मला वारंवार असे आढळले आहे, की विकरांची (एन्झाइमांची, म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया वेगाने घडवणाऱ्या प्रथिनांची) व्याख्या, कुलूप-किल्लीची आकृती आणि तापमानाचा घंटेच्या आकाराचा आलेख त्यांना तोंडपाठ असतो. परंतु उकळल्यावर विकर काम का करीत नाही, असे विचारले की "ते मरते" असे उत्तर येते. विकर सजीव नसते, त्यामुळे ते मरत नाही. त्याची घडी मोडते. एवढी एक गोष्ट हाताला, डोळ्यांना आणि नाकालाही पटावी, यासाठी नागपुरात सहज मिळणाऱ्या वस्तूंतून करता येतील असे प्रयोग पुढे दिले आहेत.

प्रयोगांना हात घालण्यापूर्वी ऋतूचा विचार करावा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो, तेव्हा गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारे पाणी हाताला चटका देते, आणि डिसेंबरच्या पहाटे तेच पाणी बोटे बधिर करते. विकरांचा वेग तापमानावर अवलंबून असल्यामुळे "साधे पाणी" ही नोंद आपल्याकडे निरर्थक ठरते. शंभर अंशांपर्यंत मोजणारा प्रयोगशाळेतला तापमापक जवळ ठेवावा आणि प्रत्येक नोंदीपुढे पाण्याचे तापमान लिहावे. शक्य असेल तर हे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावेत, कारण तेव्हा खोली फार तापत नाही.

आधी मण्यांची माळ

प्रथिन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांतून निवडलेल्या मण्यांची, पेप्टाइड बंधांनी ओवलेली माळ. पेशीतील रायबोसोमवर ती एका टोकाकडून ओवली जाते आणि पुष्कळदा ओवणे पूर्ण होण्याआधीच दुमडू लागते. कपाटात ठेवलेले नऊवारी लुगडे हे नुसते लांबलचक कापड असते. निऱ्या घालून, काष्टा खोचून, पदर घेतला की त्याच कापडाचे नेसलेले वस्त्र होते. प्रथिनातही दोन प्रकारच्या ठेवणी पुन्हा पुन्हा दिसतात. एक पिळाची, जिला अल्फा हेलिक्स म्हणतात, आणि दुसरी निऱ्यांची, जिला बीटा शीट म्हणतात. या दोन्ही ठेवणी १९५१ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडल्या; साखळीचा प्रत्येक सांधा किती अंशांतून वळू शकतो आणि कोणत्या कोनांत अणू एकमेकांवर आदळतात, याचा नकाशा १९६३ मध्ये मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. जगभरात आजही नव्या प्रथिनाची रचना तपासताना तो रामचंद्रन आलेख काढला जातो, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी.

प्रतिकृतीसाठी मी रायबोन्यूक्लिएज हे विकर निवडतो. त्यात १२४ अमिनो आम्ले आहेत, म्हणजे ते हाताने ओवता येण्याइतके लहान आहे. इतवारीच्या बाजारातून ८ मिलिमीटर व्यासाचे एकरंगी मणी आणावेत. ही माळ साधारण एक मीटर भरते, म्हणून सव्वा मीटर लांबीची, सहज वाकणारी पण वाकवल्यावर तशीच राहणारी बारीक तार घ्यावी; दोरा घेतल्यास माळ लोंबकळते आणि आकार टिकत नाही. ओवताना पुढील क्रमांकांवर वेगळ्या रंगांचे मणी घालावेत: २६ आणि ८४ निळे, ४० आणि ९५ हिरवे, ५८ आणि ११० पिवळे, ६५ आणि ७२ पांढरे. ही आठ स्थाने सिस्टीन या गंधकयुक्त अमिनो आम्लाची आहेत आणि समान रंगाच्या मण्यांमध्ये प्रत्यक्षात डायसल्फाइड बंध, म्हणजे दोन गंधक अणूंची गाठ, असतो. शेवटी १२ आणि ११९ या क्रमांकांवर लाल मणी घालावेत.

माळ जमिनीवर सरळ पसरून मुलांना लाल मणी दाखवावेत. एक मणी एका टोकाजवळ, दुसरा जवळजवळ दुसऱ्या टोकाला आहे. हे दोन्ही लाल मणी हिस्टिडिनचे आहेत आणि आरएनए या जनुकीय संदेश वाहणाऱ्या रेणूची साखळी तोडण्याचे मुख्य काम त्यांनाच मिळून करायचे असते. एकाने प्रोटॉन काढून घ्यायचा आणि दुसऱ्याने तो पुरवायचा. माळ सरळ असताना हे अशक्य आहे. आता समान रंगाचे मणी दोऱ्याच्या छोट्या तुकड्यांनी एकमेकांना बांधावेत आणि झालेला गोळा हळूहळू दाबत, वळवत, मध्ये एक खाच ठेवून दोन्ही लाल मणी त्या खाचेत समोरासमोर आणावेत. हीच खाच म्हणजे सक्रिय स्थान. उरलेले शंभराहून अधिक मणी ही खाच योग्य मापाची राहावी यासाठी आधार देत असतात. माळेत दूर असलेले घडीत शेजारी येतात, ही गोष्ट आकृतीपेक्षा हातातल्या मण्यांतून फार लवकर समजते.

गाठी बांधल्या तरी लाल मणी आपोआप समोर येत नाहीत, त्यासाठी आपल्याला हात लावावा लागतो, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. पेशीत हा हात कोणाचा, असा प्रश्न कोणीतरी विचारतेच. त्याचे मोठे उत्तर पाणी हे आहे. तर्री-पोह्यांच्या तर्रीवर तेलाचे छोटे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत जातात, ते पाहिले असेलच. तसेच पाण्यापासून दूर राहू पाहणारी अमिनो आम्ले साखळीच्या आतल्या बाजूला एकत्र येतात, आणि पाण्याशी सख्य असलेली बाहेर राहतात. हायड्रोजन बंध, धन-ऋण प्रभारांचे आकर्षण आणि शेवटी डायसल्फाइड बंध या गोळ्याला पक्के करतात. यांपैकी बहुतेक बंध एकेकटे अगदी दुबळे असतात, आणि त्यामुळेच थोड्याशा उष्णतेने घडी मोडते.

याच विकरावर क्रिश्चन अन्फिन्सेन यांनी केलेला प्रयोग माळेवर जसाच्या तसा करून दाखवता येतो. त्यांनी संहत युरियाने घडी सोडवली आणि मर्कॅप्टोइथेनॉलने चारही डायसल्फाइड बंध तोडले; विकराचे काम थांबले. दोन्ही रसायने काढून टाकून हवेतला ऑक्सिजन लागू दिला, तेव्हा साखळी स्वतःहून पूर्वीच्या घडीत परतली आणि काम जवळजवळ पूर्ववत झाले. परंतु युरिया तसाच ठेवून आधी बंध जुळू दिले, तर भलत्याच जोड्या जमल्या आणि मूळच्या कामाचा जेमतेम एक टक्का उरला. वर्गात आठ रंगीत मणी डोळे मिटून जोडायला सांगावे. पहिल्याला सात जोडीदार शक्य असतात, पुढच्याला पाच, मग तीन, मग एक, म्हणजे एकूण १०५ प्रकार. त्यांतला एकच बरोबर. घडीची माहिती साखळीच्या क्रमातच असते, या निष्कर्षासाठी अन्फिन्सेन यांना १९७२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीतल्या दाटीवाटीत मात्र अनेक प्रथिनांना चॅपरॉन नावाच्या मदतनीस प्रथिनांची गरज लागते. ती चुकीची चिकटाचिकट टाळतात, आणि शरीर तापले की पेशी ती अधिक प्रमाणात तयार करतात.

अंड्याचा पांढरा भाग

हा प्रयोग पाच मिनिटांचा आहे. अंड्यातील पांढऱ्या बलकात साधारण ९० टक्के पाणी आणि १० टक्के प्रथिने असतात. तीन काचेच्या वाट्यांत थोडा थोडा बलक घ्यावा. एक वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून बलकाचे तापमान हळूहळू वाढवावे: ६० अंशांच्या थोडे पुढे तो दुधाळ होऊ लागतो, आणि घट्ट पांढरा होण्यासाठी ८० अंशांच्या आसपास जावे लागते, कारण बलकात वेगवेगळी प्रथिने आहेत आणि प्रत्येकाची घडी वेगळ्या तापमानाला मोडते. दुसऱ्या वाटीत लिंबाचा रस आणि तिसऱ्या वाटीत औषधाच्या दुकानातले स्पिरिट घालावे; स्पिरिटाने बलक लगेच पांढरा पडतो. तिन्ही ठिकाणी साखळ्या उलगडून आतली, पाणी टाळणारी बाजू उघडी पडते आणि त्या एकमेकींना चिकटून जाळे होते. साखळी तुटलेली नसते, म्हणूनच उकडलेल्या अंड्यातले प्रथिन कमी झालेले नसते.

अंडे चालत नसेल, तर त्याऐवजी दूध नासवून दाखवू नये. ही चूक सर्रास होते. दुधातील केसीनला मुळातच घट्ट घडी नसते; लिंबाने त्याच्या कणांवरचा प्रभार जातो आणि ते एकत्र येतात. ती प्रक्रिया वेगळी आहे. अशा घरांनी थेट पुढच्या प्रयोगाकडे जावे, आणि माझ्या मते तोच या सगळ्यांत श्रेष्ठ आहे.

सोयाबीन, युरिया आणि हळद

विदर्भातल्या कोणत्याही शेतकरी कुटुंबाच्या घरात या तिन्ही वस्तू असतात. कच्च्या सोयाबीनमध्ये यूरिएज नावाचे विकर भरपूर असते. ते युरियाचे पाण्याच्या साहाय्याने अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांत विघटन करते. अमोनियामुळे द्रावण अल्कधर्मी होते, सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्क मोजण्याचा आकडा) वाढतो, आणि पिवळी हळद तांबूस लाल होते. विकराचे काम असे रंगाने दिसते आणि वासानेही कळते.

सोयाबीन किराणा दुकानातले किंवा घरच्या पोत्यातले कच्चे घ्यावे. पेरणीसाठी आणलेल्या पिशवीतले बियाणे कधीही घेऊ नये, कारण त्यावर बुरशीनाशक लावलेले असते. दाणे खलबत्त्यात कुटून भरड पूड करावी. मिक्सर वापरायचाच असेल, तर दोन-दोन सेकंदांच्या झटक्यांनी फिरवावा, म्हणजे पूड तापणार नाही. हळदीच्या पट्ट्या आदल्या दिवशी कराव्यात: चमचाभर हळद थोड्या स्पिरिटात कालवून शोषक कागदावर पसरावी, कागद सावलीत वाळवावा आणि बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून ती थेट पेल्यात टाकण्यापेक्षा पट्टी बुडवणे बरे. खताचा युरिया चालतो. तो नीमलेपित असल्यामुळे त्याला किंचित वास येतो, त्याने बिघडत नाही.

पाच पेले घ्यावेत आणि त्यांवर अ, ब, क, ड, इ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. प्रत्येकात १०० मिलिलिटर पाणी घालावे. अ मध्ये एक चमचा कच्ची पूड आणि एक चमचा युरिया. ब मध्ये तेवढीच पूड, पण पाण्यात पंधरा मिनिटे खळखळून उकळून, थंड करून, आणि मग युरिया. क मध्ये फक्त युरिया. ड मध्ये फक्त कच्ची पूड. इ मध्ये बाजारातल्या सोया वड्या कुटून केलेली पूड आणि युरिया. दर पाच मिनिटांनी प्रत्येक पेल्यात नवी पट्टी बुडवून रंग लिहावा. अ मधली पट्टी पहिल्या काही फेऱ्यांतच तांबूस होऊ लागते आणि अर्ध्या तासात पेल्यावर नाक नेले की अमोनियाचा झणका येतो. बाकीचे चार पेले पिवळेच राहतात. खिडक्या उघड्या ठेवाव्यात, वापरलेली भांडी स्वयंपाकासाठी पुन्हा घेऊ नयेत, आणि उरलेले द्रावण भरपूर पाणी मिसळून झाडाच्या आळ्यात ओतावे.

या पाचांतला प्रत्येक पेला एका शंकेचे उत्तर आहे. क सांगतो की युरिया स्वतःहून अर्ध्या तासात फुटत नाही. खोलीच्या तापमानाला विकराशिवाय त्याचे विघटन व्हायला दशके लागतात. ड सांगतो की पट्टी लाल करणारे द्रव्य सोयाबीनमध्ये आधीपासून नव्हते. ब हा सर्वांत महत्त्वाचा, कारण त्यात अ मधली प्रत्येक वस्तू तेवढ्याच प्रमाणात आहे. उकळल्यामुळे फक्त घडी गेली आहे. माझ्याकडून एकदा हा प्रयोग पूर्ण फसला होता. कुटण्याचा वेळ वाचवण्यासाठी मी तयार सोयापीठ आणले आणि सबंध वर्ग तासभर पिवळ्या पट्ट्यांकडे बघत बसला. नंतर उमगले की ते पीठ तयार करतानाच त्याला वाफ दिलेली असते. त्या दिवसापासून सोया वड्यांचा पेला मी मुद्दाम मांडतो. वड्या उच्च तापमानाला आणि दाबाखाली तयार होतात, त्यामुळे त्यांत यूरिएज उरत नाही.

कोंबड्यांच्या खाद्यासाठी सोयापेंड विकणारे आणि घेणारे हीच परीक्षा घेतात. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारी प्रथिने असतात आणि ती पक्ष्यांच्या वाढीला मारक ठरतात. ती मोजणे किचकट असते, यूरिएज मोजणे सोपे. आणि दोघांच्या घड्या साधारण सारख्याच उष्णतेला मोडतात. म्हणून पेंडीचा नमुना युरियाच्या द्रावणात ३० अंशांना अर्धा तास ठेवतात आणि सामू किती वाढला ते पाहतात. सामू फार वाढला तर पेंड कच्ची. मुळीच वाढला नाही तर ती जास्त भाजली गेल्याचा संशय.

यूरिएजला इतिहासातही मान आहे. विकर म्हणजे नेमके काय, याबद्दल विसाव्या शतकाच्या आरंभी मोठा वाद होता, आणि विकरे प्रथिने नसतात असे मानणारे रसायनशास्त्रज्ञ वजनदार होते. जेम्स समनर यांनी अबईच्या कुळातील जॅक बीन या शेंगेच्या दाण्यांतून १९२६ मध्ये यूरिएजचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले. तरुणपणी शिकारीतील अपघातात डावा हात गमावलेल्या या माणसाने हे काम नऊ वर्षे चिकाटीने केले, आणि १९४६ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तुरीच्या कच्च्या दाण्यातही यूरिएज असते. सोयाबीनच्या जागी तूर घेऊन दोघांचा वेग ताडून पाहण्यासारखा आहे.

येथे दोन सावधगिऱ्या सांगितल्या पाहिजेत. पहिली म्हणजे आम्लाचा परिणाम या पद्धतीने तपासू नये. पेल्यात लिंबू पिळले तर पट्टी पिवळी राहील, पण विकर थांबल्यामुळे की तयार झालेला अमोनिया आम्लाने खाल्ल्यामुळे, हे कळणार नाही. दुसरी युरियाबद्दल. अन्फिन्सेन यांनी ज्याने घडी सोडवली तो युरिया आणि हा युरिया एकच. फरक प्रमाणाचा आहे. घडी सोडवायला १०० मिलिलिटर द्रावणात सुमारे ४८ ग्रॅम युरिया लागतो. आपण चमचाभर घालतो, म्हणून येथे तो विकराचे भक्ष्य असतो.

बटाटा, पेरॉक्साइड आणि सेकंदकाटा

वेग मोजायचा असेल तर बटाटा हवा. त्यातील कॅटलेज हे विकर हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि ऑक्सिजन यांत रूपांतर करते. पेशीत हे विषारी पेरॉक्साइड सतत तयार होत असते आणि कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला लाखो रेणूंचा निकाल लावू शकतो. औषधाच्या दुकानात मिळणारे पेरॉक्साइड पुष्कळदा सहा टक्क्यांचे असते. लेबल वाचून, पाणी घालून ते एक टक्क्यावर आणावे. चष्मा घालावा, ते डोळ्यात जाऊ देऊ नये, आणि उन्हाळ्यात बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, कारण उष्णतेने ते आपोआप फुटत जाते.

पन्नास ग्रॅम कच्चा बटाटा किसून १०० मिलिलिटर थंड पाण्यात कालवावा आणि फडक्यातून गाळून घ्यावा. कार्यालयात कागदांना भोके पाडण्याचे जे पंच यंत्र असते, त्याने गाळणकागदाच्या चकत्या पाडाव्यात. एक चकती बटाट्याच्या पाण्यात बुडवावी, कडेला टेकवून जास्तीचे पाणी निथळावे, आणि चिमट्याने पेरॉक्साइडच्या पेल्याच्या तळाशी नेऊन सोडावी. चकतीवर ऑक्सिजनचे बुडबुडे जमतात आणि ती वर येते. सोडल्यापासून पृष्ठभागाला पोहोचेपर्यंतचे सेकंद मोजावेत, पाच चकत्यांची सरासरी घ्यावी. द्रवाची उंची प्रत्येक वेळी सारखीच, साधारण पाच सेंटिमीटर, ठेवावी. वायू ऑक्सिजनच आहे याची खात्री करण्यासाठी वेगळ्या पेल्यात बटाट्याचा कीस टाकून वर निखारा असलेली उदबत्ती धरावी. तिचे टोक उजळते.

तापमानाबाबत बहुतेक वर्गांत दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवले जातात. अमुक तापमानाला विकर किती वेगाने काम करते, हा एक प्रश्न. अमुक तापमानाला ठेवून परत आणल्यावर त्याची घडी शाबूत आहे का, हा दुसरा. पहिल्यासाठी बटाट्याचे पाणी आणि पेरॉक्साइड दोन्ही त्या तापमानाला आणून चकती सोडावी: बर्फाच्या पाण्यात, माठाच्या पाण्यात, ३५ अंशांना. दुसऱ्यासाठी बटाट्याच्या पाण्याच्या नळ्या ४०, ५०, ६०, ७० अंशांना दहा-दहा मिनिटे ठेवाव्यात, मग सर्व खोलीच्या तापमानाला आणाव्यात आणि तेव्हाच मोजावे. बर्फात ठेवलेली नळी थंड असताना मंद असते, पण कोमट झाली की पूर्ववत होते; थंडीने येथे घडी मोडली नव्हती, हालचाल मंदावली होती. सत्तर अंशांतून आलेली नळी कितीही थंड केली तरी चकती तळाशीच पडून राहते. हा फरक ज्याला पाहायला मिळाला, त्याला तो घंटेसारखा आलेख पाठ करावा लागत नाही.

लिंबाच्या रसाचा परिणाम या पद्धतीने नीट तपासता येतो, कारण येथे आपण रंग न पाहता बुडबुडे पाहतो. बटाट्याच्या पाण्याच्या एका भागात रस मिसळून, दुसऱ्यात तेवढेच साधे पाणी मिसळून तुलना करावी. सवड असेल तर पेरॉक्साइडची तीव्रताही बदलावी: ती दुप्पट केल्यावर आधी वेग वाढतो, पण पुढे वाढ मंदावते, कारण सगळ्या खाचा भरलेल्या असतात. या वागणुकीचे गणित लिओनोर मिकाएलिस आणि मॉड मेंटेन यांनी १९१३ मध्ये मांडले. विकराची खाच हे कुलूप आणि तिच्यात बसणारा रेणू ही किल्ली, ही कल्पना एमिल फिशर यांची, १८९४ ची. खाच ताठ नसून रेणू आत शिरताना ती त्याच्याभोवती जुळवून घेते, ही दुरुस्ती डॅनियल कोशलंड यांनी १९५८ मध्ये केली.

संत्र्याच्या हंगामात याला जोडून एक सोपे निरीक्षण करता येते. ताजा रस गाळून दोन उंच पेल्यांत घ्यावा, पैकी एक आधी उकळी येईपर्यंत तापवलेला असावा. दोन्ही रात्रभर ठेवले तर न तापवलेल्या रसात वर निवळ पाणी आणि खाली साका दिसतो, तापवलेला बराच काळ गढूळ राहतो. संत्र्यातील पेक्टिन मिथाइलएस्टरेज हे विकर पेक्टिन या फळातील चिकट द्रव्याचे रूप बदलते आणि ते कॅल्शियमशी जुळून खाली बसते. रस टिकवणाऱ्या कारखान्यांत तो ९० अंशांच्या घरात तापवतात, तो जंतूंपेक्षा या चिवट विकराची घडी मोडावी म्हणून.

एक मणी बदलला तर

विदर्भात प्रथिनाची घडी शिकवताना सिकलसेलबद्दल न बोलणे मला योग्य वाटत नाही, कारण हा आजार आपल्या भागातील अनेक कुटुंबांत आहे. हिमोग्लोबिन विकर नाही, ते ऑक्सिजन वाहणारे प्रथिन आहे. परंतु एका मण्याचे मोल त्याच्याइतके स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. त्याच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्ले असतात. सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आले की सिकल हिमोग्लोबिन होते. ग्लुटामिक आम्ल पाण्याशी सख्य ठेवणारे, व्हॅलिन पाणी टाळणारे, आणि ही जागा प्रथिनाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. घडी जवळजवळ तशीच राहते, पण ऑक्सिजन सोडल्यावर हे व्हॅलिन शेजारच्या रेणूतील एका खोबणीत अडकते. रेणूंमागून रेणू जोडले जाऊन लांब तंतू तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. हा आजार रेणूतील बिघाडाचा आहे, हे पॉलिंग यांच्या गटाने १९४९ मध्ये दाखवले, आणि नेमका कोणता मणी बदलला ते व्हर्नन इंग्रॅम यांनी पुढील दशकात शोधले.

हे दाखवण्यासाठी १४६ मण्यांच्या दोन माळा कराव्यात आणि दुसरीत फक्त सहावा मणी बदलून मुलांना फरक शोधायला सांगावा. वर्गात कोणाच्या घरी हा आजार आहे, असे मात्र कधीही विचारू नये. वाहक असणे आणि रुग्ण असणे यांतला फरक स्पष्ट सांगावा: एका पालकाकडून बदललेले जनुक आले तर व्यक्ती वाहक असते आणि सहसा निरोगी राहते; दोन्ही पालक वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. रक्ताची साधी चाचणी सरकारी रुग्णालयांत होते, आणि लग्नापूर्वी ती करून घेण्यात कोणालाही कमीपणा नाही, हे शिक्षकाने न संकोचता म्हणावे.

पडद्यावर तीच घडी

शेवटी मोबाइलवर प्रोटीन डेटा बँक उघडावी. १९७१ मध्ये सात रचनांनी सुरू झालेला हा संग्रह सर्वांना विनामूल्य खुला आहे. शोधाच्या जागी सात हा आकडा आणि त्यापुढे आर, एस, ए ही इंग्रजी अक्षरे लिहिली की रायबोन्यूक्लिएजची त्रिमित रचना येते आणि ती बोटाने फिरवता येते. पीळ आणि निऱ्या वेगवेगळ्या ओळखाव्यात, मग १२ आणि ११९ ही अमिनो आम्ले निवडावीत. खाच समोर येईपर्यंत चित्र फिरवावे, आपली मण्यांची माळ शेजारी धरावी, आणि जिथे तार चुकीची वळली आहे तिथे ती सोडवून पुन्हा वाकवावी.